प्रतिकृतीचे इमान

एचएफ-२४ मारुत हे भारतात रचले आणि बांधले गेलेले पहिले जेट लढाऊ विमान. लांबी १५.८७ मीटर, पंखांचा पसारा ९ मीटर. बहात्तरने भागले की लांबी २२ सेंटिमीटरच्या आसपास येते आणि पंख साडेबारा सेंटिमीटरचे होतात. सगळे विमान फुलस्केप कागदावर मावते. विमानांच्या छोट्या प्रतिकृती बांधणारे लोक १:७२ हे प्रमाण कित्येक दशके वापरत आले आहेत आणि हा भागाकार शाळकरी मुलालाही जमतो. पंचाईत त्यानंतर सुरू होते. भागून आलेले आकडे जसेच्या तसे पाळले तर समोर जे उभे राहते ते मारुतसारखे दिसत नाही. मारुतसारखे दिसावे म्हणून हात थोडा सैल सोडला तर आकडे चुकतात. मग प्रतिकृतीने इमान राखायचे कशाशी? प्लेटोने या प्रश्नावर दोन ठिकाणी विचार केला आहे, आणि आपल्याकडे सादृश्य म्हणजे नेमके काय यावर नैयायिक आणि मीमांसक शतकानुशतके भांडले आहेत.

टामिया, हासेगावा, एअरफिक्स अशा मोठ्या कंपन्यांच्या यादीत मारुत सापडत नाही. प्लास्टिकच्या किटला धातूचा साचा लागतो आणि त्याचा खर्च हजारो नग खपले तरच निघतो. एकूण १४७ बांधली गेलेली आणि एकाच देशाच्या हवाई दलाने चालवलेली विमाने त्या हिशेबात बसत नाहीत. अशा विमानांसाठी रेझिनची वाट असते. कोणीतरी आधी एक मूळ नमुना हाताने घडवतो, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करतो आणि साच्यात पॉलियुरेथेनचे दोन द्रव मिसळून ओततो. काही मिनिटांत ते घट्ट होतात. साचा स्वस्त पडतो म्हणून दुर्मीळ विमानेही परवडतात. पण रबर दर ओतीला थोडे झिजते, कडेला फाटते, आणि काही डझन नग निघाले की साचा टाकून द्यावा लागतो. एखाद्या खोलीत, दोनचार माणसांत चालणारा हा धंदा आहे. चेक लोकांनी त्यात मोठे नाव मिळवले आहे.

पेटी उघडली की पिवळट किंवा करडे तुकडे हाताला लागतात आणि प्रत्येकाला एक जाड ठोकळा चिकटलेला असतो. रेझिन ज्या वाटेने साच्यात उतरले, ती वाट म्हणजे तो ठोकळा. तो बारीक करवतीने कापायचा, पाणी लावून आणि तोंडाला मास्क बांधून, कारण रेझिनची कोरडी भुकटी फुप्फुसांना वाईट. त्याआधी सगळे तुकडे भांड्याच्या साबणाने धुवायचे. साच्यातून सुटावे म्हणून लावलेले तेलकट द्रव्य अंगावर राहिले तर पुढे रंग पापुद्र्याने निघतो. एखादा पंख वाकडा निघतो. तो गरम पाण्यात धरला की मऊ पडतो; मग काचेवर सपाट दाबून गार पाण्याच्या धारेखाली न्यायचा. अडकलेल्या हवेची टाचणीच्या टोकाएवढी भोके असतात. ती भरायची, पॉलिश पेपरने घासायची, प्रायमर मारायचा, की आधी न दिसलेली आणखी काही वर येतात. प्लास्टिकचा गोंद रेझिनला धरत नाही, म्हणून सांधे फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाने जोडायचे आणि पंखाच्या मुळाशी पितळी तारेच्या खुंट्या घालायच्या. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड असली तर बोटाला ती पातळच वाटते. बहात्तरने गुणले की ती ३६ मिलिमीटर होते, म्हणजे दीड इंचाच्या आसपास. मारुतच्या पंखाला असली बोथट कड शोभत नाही. म्हणून ती खालच्या बाजूने घासत राहायची, इतकी की उजेडासमोर धरल्यावर पलीकडच्या बोटाची सावली पुसट दिसावी.

इथवर काम सरळ आहे. जे चुकले आहे ते दुरुस्त करायचे. पण दुरुस्ती करायची तर चूक आणि बरोबर ठरवणारे मूळ विमान एक आणि पक्के हवे. मारुतच्या बाबतीत ते कोणते, हे सांगणे फार अवघड आहे.

कुर्ट टांक हे जर्मन रचनाकार १९५६ मध्ये बंगळुरूला आले. दुसऱ्या महायुद्धातले गाजलेले फोके-वुल्फ १९० त्यांनी रचले होते आणि युद्धानंतर अर्जेंटिनात त्यांनी पुल्की-२ हे जेट उडवले होते. हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या कागदावर आकाराला आलेले विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट समोर ठेवून आखले होते. त्यासाठी ब्रिस्टल कंपनीचे ऑर्फियस १२ हे इंजिन धरले होते; प्रत्येकी साधारण ३,७०० किलोचा रेटा देणारी दोन इंजिने. हे इंजिन पूर्ण विकसित झालेच नाही. त्याच्या विकासाचा खर्च उचलायला भारत तयार झाला नाही आणि इंग्लंडलाही ते नको झाले. शेवटी हाताशी असलेले ऑर्फियस ७०३ बसवावे लागले. त्याचा रेटा २,२०० किलो. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मारुत पहिल्यांदा आकाशात नेला, १९६७ पासून तो हवाई दलात दाखल होऊ लागला, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने चांगली कामगिरी बजावली. मात्र सरळ उड्डाणात तो ध्वनीचा वेग कधीच ओलांडू शकला नाही. जे विमान रचले होते ते उडाले नाही, आणि जे उडाले ते रचलेल्या विमानाची अर्धीमुर्धी प्रत होते.

याहून विलक्षण गोष्ट त्याआधीची आहे. मारुतचा पहिला नमुना तयार होण्यापूर्वी, १९५९ मध्ये, बंगळुरूला त्याच मापाचे एक लाकडी ग्लायडर उडत होते. नाव एक्स-२४१. आकार, पंखांचा छेद आणि हालचाल करणारे सगळे भाग पुढे होणाऱ्या विमानाबरहुकूम. फक्त इंजिन नाही. डाकोटा विमान त्याला दोराने वर ओढून नेई आणि सोडून देई, मग वैमानिक ते जमिनीवर उतरवी. सत्तरहून अधिक वेळा ते असे उडाले. म्हणजे मारुतची पूर्ण मापाची प्रतिकृती मारुतच्या जन्माआधी दोन वर्षे हवेत होती.

प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात पलंगाचा दाखला घेतला आहे. एक पलंग देवाने केलेला, म्हणजे पलंगपणाचे शुद्ध रूप. दुसरा सुताराने केलेला. तिसरा चित्रकाराने रंगवलेला. चित्रकार सत्यापासून तिसऱ्या पायरीवर, म्हणून त्याची किंमत सर्वांत कमी. या शिडीवर मारुत चढवून पाहिला तर टांक यांचा आराखडा पहिल्या पायरीवर, कारखान्यातून निघालेले विमान दुसऱ्या, आणि रेझिनचे मॉडेल तिसऱ्या पायरीवर बसते. पण लाकडी ग्लायडर कुठे बसवायचे? ते अनुकरण आहे आणि दुसऱ्या पायरीच्या आधी आले आहे. ज्याचे अनुकरण केले ते अजून झालेच नव्हते. शिवाय दुसऱ्या पायरीवरचे विमान पहिल्या पायरीशी जितके प्रामाणिक असायला हवे तितके नव्हते, कारण त्याच्या पोटात ठरलेले इंजिनच नव्हते. मॉडेल करणाऱ्याने मग कोणाचे ऐकायचे, आराखड्याचे की कारखान्याचे? प्लेटोच्या शिडीला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पलंगाच्या सुताराने घाईत वेगळे लाकूड वापरले असेल, ही शक्यता तिने धरलेली नाही.

कारखान्याचे ऐकायचे ठरवले तरी सुटका नाही. मारुत पाहायला आज बंगळुरूला जाता येते, मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाता येते, पुण्यात कमला नेहरू पार्कमध्ये जाता येते. एक मारुत म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयातही आहे. टेप घेऊन चाकाची उंची मोजता येते, दारांच्या बिजागऱ्यांचे फोटो काढता येतात, आणि असे फोटो सोन्याच्या मोलाचे असतात. पण उघड्यावर उभ्या विमानाचा रंग म्हणजे देखभाल करणाऱ्यांनी पावसाळ्यांपासून पत्रा वाचवण्यासाठी चढवलेला रंग. १९७१ सालचा रंग त्याखाली कुठेतरी गाडला गेलेला असतो.

काचेआड जपलेल्या विमानांचीही हीच गत. लिंडबर्गने १९२७ च्या मे महिन्यात साडेतेहेतीस तासांत एकट्याने अटलांटिक ओलांडला ते 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच्या नाकाचा पत्रा सोनेरी दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो सोनेरी पाहिला. तो मुळात साध्या ॲल्युमिनियमचा रुपेरी होता. विमान संग्रहालयात आल्यावर थोड्याच काळात, नाकावर रंगवलेले झेंडे टिकावेत म्हणून कोणीतरी काळजीने त्यावर पारदर्शक रोगण लावले, आणि ते वर्षानुवर्षे पिवळे पडत गेले. प्रत्यक्ष विमानासमोर उभे राहून, डोळ्यांनी खात्री करून ज्याने आपल्या मॉडेलचे नाक सोनेरी केले, त्याने लिंडबर्गचे विमान चुकवले आणि संग्रहालयातले विमान अचूक केले. राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे कापड १९२७ मध्ये एकदा आणि १९८५ मध्ये पुन्हा बदलले गेले. त्याच्या मूळ कापडाचा एक तुकडा १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर घेऊन गेला. विमान मात्र नव्या कापडात उभे आहे.

म्हणून या कामातली जाणती माणसे 'मारुत' करत नाहीत. ती एखाद्या ठरावीक शेपटीवरच्या ठरावीक क्रमांकाचा, ठरावीक वर्षाचा, जमल्यास ठरावीक महिन्याचा मारुत करतात. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पेटीत जाती मिळते आणि टेबलावर व्यक्ती घडवायची असते. पोटाखालच्या दारापाशी तेलाचा ओघळ असतो तो व्यक्तीचा, जातीचा नव्हे. ही निवड झाली की निम्मे वाद मिटतात. उरलेले निम्मे जास्त खोल आहेत.

विमानाच्या अंगावर पत्र्याच्या जोडांच्या रेषा असतात. दोन पत्र्यांमधली फट एक मिलिमीटर धरली तर १:७२ मध्ये ती ०.०१४ मिलिमीटर येते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे ही रेषा केसाच्या पाचव्या भागाएवढी. ती कोणत्याही सुईने कोरता येत नाही आणि कोरली तरी पहिल्याच रंगात बुजते. प्रमाणाशी काटेकोर राहायचे तर मॉडेलवर एकही रेषा नको. तसे मॉडेल करून पाहिलेल्यांना त्याचा परिणाम ठाऊक आहे: ते निर्जीव दिसते, ते कशाचे बनले असावे हे डोळ्याला कळतच नाही. म्हणून रेषा कोरल्या जातात, प्रमाणाच्या दहापंधरा पट रुंद, आणि त्यांत पातळ काळपट रंग सोडला जातो. रंगाचेही तसेच. हवाई दलाच्या डब्यातला खराखुरा रंग आणून लावला तर मॉडेल काळवंडलेले दिसते. अर्ध्या मीटरवरून पाहिलेले १:७२ चे मॉडेल म्हणजे ३६ मीटरवरून पाहिलेले विमान. मधल्या हवेने आणि उजेडाने दूरचा रंग फिका होतो, टेबलावर ती हवा नसते. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळायचा. किती मिसळायचा यावर एकमत नाही, आणि मुळीच मिसळू नये म्हणणारेही आहेत. त्यांचे म्हणणे असे की एकदा डोळ्याच्या समाधानासाठी रंग बदलला की थांबायचे कुठे हे सांगता येत नाही. हा आक्षेप हलका नाही.

प्लेटोने आपल्या 'सोफिस्ट' या संवादात नेमका हाच पेच मांडला आहे. तिथे अनुकरणाचे दोन प्रकार केले आहेत. एकात मूळ वस्तूची मापे, प्रमाणे आणि रंग तंतोतंत राखले जातात. दुसऱ्यात ती मुद्दाम मोडली जातात. प्रचंड पुतळ्याचा वरचा भाग खालून पाहणाऱ्याला लहान दिसतो, म्हणून मूर्तिकार तो मोठा करतो. जागेवरून पाहणाऱ्याला पुतळा सुडौल वाटतो, आणि जवळ जाऊन मोजला तर तो बेडौल निघतो. प्लेटोचा कल उघड आहे. दुसरा प्रकार त्याला फसवणुकीच्या जवळचा वाटतो, आणि सोफिस्ट लोक शब्दांनी हेच करतात असा त्याचा रोख आहे. प्रतिकृतीवाल्यांच्या जगात मात्र हा दुसरा प्रकार रोज सर्रास चालतो. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची अमेरिकन शाखा स्पर्धा भरवते, तिथे परीक्षक आधी बांधणीची सफाई पाहतात: सांधा दिसतो का, पंख सारख्या कोनात आहेत का, रंगावर धूळ बसली आहे का. रंगाची छटा आणि मापे यांवरचे वाद ते शक्यतो बाजूला ठेवतात. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचे आहे. प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

भारतीय परंपरेने या गाठीकडे दुसऱ्या टोकाने पाहिले. देवाची मूर्ती घडवताना मूळ रूप समोर नसते. तरी तिचे तालमान अत्यंत काटेकोर असते. चेहऱ्याची लांबी हे एकक धरून कोणती मूर्ती नवताल, कोणती दशताल हे ठरते. शुक्रनीती तर सांगते की मूर्तिकाराला ध्यानातून जे साधते ते प्रत्यक्ष पाहूनही साधत नाही. मूळ न दिसता मापे पक्की, असा हा प्रकार. मॉडेलमध्ये मूळ दिसते आणि मापे ढळतात. शिवाय देवळातून पालखीत बाहेर पडणारी उत्सवमूर्ती गाभाऱ्यातल्या मूर्तीपेक्षा कितीतरी लहान असते, तेवढ्याने तिचे देवपण कोणी उणे मानत नाही. मूर्तीचे सत्य प्रतिष्ठेतून येते; ती कोणासारखी दिसते यावर ते अवलंबून नाही. विमानाच्या मॉडेलला हा आधार नाही. त्याची प्राणप्रतिष्ठा होत नाही, त्याला मंत्र नाही. त्याच्याजवळ जे काही सत्य असेल ते सगळे सादृश्यातूनच यायला हवे. म्हणून सादृश्य म्हणजे काय हे इथे टाळता येत नाही.

नैयायिकांनी केलेली व्याख्या या जागी फार उपयोगी पडते. त्यांच्या मते एखादी वस्तू दुसरीसारखी असणे म्हणजे तिच्याहून वेगळी असणे आणि तरीही तिचे पुष्कळ धर्म अंगी असणे. यातली वेगळेपणाची अट महत्त्वाची आहे. गाय गायीसारखी असते असे कोणी म्हणत नाही. गवा गायीसारखा असतो. सर्वच्या सर्व धर्म जुळले तर ती वस्तू तीच होते, तिथे सादृश्य उरत नाही. या व्याख्येने प्लेटोच्या तक्रारीतली हवा बरीच निघून जाते. वेगळेपण हा प्रतिकृतीतला डाग नाही, ती प्रतिकृती असण्याची पहिली अट आहे. रुंद कोरलेली रेषा आणि फिका केलेला रंग लपवण्यासारखे काही नाहीत. प्रश्न उरतो तो पुष्कळ धर्मांचा: कोणते राखायचे आणि कोणते सोडायचे, आणि सोडताना आपण काय सोडतो आहोत हे बांधणाऱ्याला माहीत आहे की नाही. 'विष्णुधर्मोत्तरा'च्या चित्रसूत्रात क्षय आणि वृद्धी, म्हणजे पाहण्याच्या कोनाप्रमाणे अंग कुठे आखडायचे आणि कुठे वाढवायचे, याचे शिक्षण चित्रकाराला दिले आहे. तिथे ती फसवणूक मानलेली नाही, विद्या मानलेली आहे. आळसाने जाड ठेवलेली पंखाची कड आणि समजून रुंद केलेली रेषा या दोन्ही मापाने चुकीच्या आहेत. त्यांना एकाच पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल.

मीमांसक याच्याही पुढे गेले, आणि प्रतिकृतीबद्दलची सर्वांत मोलाची गोष्ट त्यांच्याकडे सापडते. उपमान हे ज्ञानाचे साधन आहे हे न्याय आणि मीमांसा दोघांनाही मान्य. त्यातून कोणते ज्ञान होते यावर मतभेद. नैयायिक म्हणतात, गवा गायीसारखा असतो हे ऐकून रानात गेलेल्याला तिथला पशू पाहून कळते की यालाच गवा म्हणतात. कुमारिल भट्टांची परंपरा म्हणते, रानात गवा पाहणाऱ्याला घरी राहिलेल्या गायीबद्दल काहीतरी कळते: माझी गाय याच्यासारखी आहे. समोर आहे तो गवा, नवे ज्ञान होते ते समोर नसलेल्या गायीचे. शास्त्रात हा वाद तांत्रिक वाटतो. रेझिनवर काम करताना तो खराच घडतो.

मारुतच्या धडाला पंखांच्या मुळापाशी कंबर आहे. नाकाकडून शेपटीकडे बोट फिरवले तर मध्यावर ते किंचित आत जाते. रेझिन घट्ट होताना थोडे आटते आणि जाड भागात खड्डा पडतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याची पहिली ऊर्मी तो साच्याचा दोष समजून तिथे लांबी भरण्याची असते. लांबी मळून झाली तरी सावध माणूस आराखडा उघडतो, आणि कंबर तिथेही असते. मग तो शोध घेतो ती का आहे याचा. उत्तर १९५०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी मांडलेल्या नियमात आहे. ध्वनीच्या वेगाजवळ विमानाला होणारा रोध त्याच्या एकूण छेदाचे क्षेत्रफळ नाकापासून शेपटीपर्यंत किती हळुवारपणे बदलते यावर ठरतो. पंख सुरू होतात तिथे क्षेत्रफळ एकदम वाढते, म्हणून तेवढे धडातून कमी करायचे. ध्वनीच्या खाली रमतगमत उडणाऱ्या विमानाला या कमरेची फारशी गरज नसते. टांक यांनी ती दिली कारण त्यांचे विमान ध्वनीच्या पलीकडे जाणार होते. इंजिन आले नाही, कंबर राहिली. हवाई दलात उडालेल्या प्रत्येक मारुतने, कधीच न उडालेल्या त्या दुसऱ्या मारुतची कंबर अंगावर वागवली.

बहात्तरपट लहान केलेल्या रेझिनच्या तुकड्यावर फिरणाऱ्या बोटाला ही गोष्ट कळते. वरळीत विमानाखाली उभे राहिले तर ती सहज लक्षात येत नाही, कारण पंधरा मीटर लांबीवरून बोट फिरवता येत नाही. तिसऱ्या पायरीवरच्या वस्तूतून थेट पहिल्या पायरीवरच्या आराखड्याचे ज्ञान झाले, आणि मधली पायरी ते ज्ञान झाकून होती. प्लेटोच्या शिडीत याला जागा नाही. कुमारिलांच्या गायीत आहे. प्रतिकृती बांधणे हा वेळ घालवण्याचा पोरखेळ आहे असे मानणाऱ्यांनी एकदा ही कंबर घासून पाहावी.

सोडून दिलेल्या धर्मांचा विचार मात्र इथे थांबवून चालत नाही. मॉडेलने वजन सोडले, आवाज सोडला, केरोसीनचा वास सोडला, हे सगळे ठीक. त्याने धोकाही सोडला आहे. मारुतला पहिल्यांदा आकाशात नेणारे सुरंजन दास जानेवारी १९७० मध्ये त्याच विमानाच्या, इंजिनाचा रेटा वाढवून पाहणाऱ्या नमुन्याच्या अपघातात गेले. रेट्याची ती कमतरता, जी मॉडेलवर शेपटीच्या दोन भोकांच्या व्यासापुरती उरते, ती भरून काढण्याच्या प्रयत्नात एक माणूस गेला. चार ३० मिलिमीटर तोफांची भोके बारीक सुईने कोरताना ती कोणावर झाडली गेली हेही रेझिन सांगत नाही. हे धर्म साच्यात उतरत नाहीत. ते बांधणाऱ्याने माहीत करून घ्यायचे असतात. रिव्हेटच्या रांगा मोजणाऱ्या माणसाला ही नावे आणि तारखा ठाऊक नसतील तर त्याचे मॉडेल अपुरे आहे, रेषा कितीही सरळ असल्या तरी.

आता न दिसणाऱ्या भागांचे. कॉकपिटमध्ये आसनाच्या मागे पट्टे आहेत, बाजूच्या पॅनेलवर बटणे आहेत, आणि पारदर्शक झाकण चिकटवले की त्यातले बरेचसे कायमचे अंधारात जाते. तरी माणसे आठवडे घालवून ते भरतात. इथे पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी काही वाकवण्याचा प्रश्न येत नाही, कारण पाहणाराच नाही; प्लेटोला हवा तो पहिला, काटेकोर प्रकार या बंद जागेतच निर्मळपणे करता येतो. खऱ्या विमानांनाही याची परंपरा आहे. 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस'च्या पंख्याच्या टोपीच्या आतल्या बाजूला, उड्डाणात कोणालाही दिसणार नाही अशा ठिकाणी, सॅन दिएगोच्या रायन कारखान्यातल्या लोकांनी आपली नावे लिहिली होती आणि मधोमध शुभचिन्ह म्हणून स्वस्तिक रंगवले होते. ती टोपी न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत तडकली आणि अटलांटिकवर दुसरीच गेली.

आणि त्याच बंद पोकळीत, मॉडेलच्या नाकात, शिसे असते. पुढे एक चाक आणि मागे दोन अशा तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या जेटचे रेझिन मॉडेल बहुतेक वेळा शेपटीवर बसते. ते नाक खाली घालून नीट उभे राहावे म्हणून आत शिशाचे छर्रे भरून गोंद ओततात. मारुतच्या नाकात शिसे नव्हते. बाहेरून दिसणारी उभे राहण्याची ढब खरी असावी म्हणून आतले पदार्थ खोटे करावे लागतात, आणि त्याच धडात बोटभर मागे, कोणी पाहणार नाही अशी बटणे खरी केलेली असतात. एकाच वस्तूत दोन्ही प्रकारचे अनुकरण एका पातळ भिंतीने वेगळे होऊन शेजारी नांदते.

म्हणून मॉडेलबरोबर एक चिठ्ठी असायला हवी, स्पर्धेत असो की घरच्या कपाटात. काही लोक ती लिहितात, सगळ्यांनी लिहावी. तीत विमानाचा क्रमांक आणि वर्ष असावे. कोणते फोटो पाहिले, कोणते माप प्रत्यक्ष विमानावरून घेतले आणि कोणते आराखड्यावरून, हे असावे. रेषा प्रमाणाहून रुंद आहेत, हिरवा रंग दोन थेंब पांढरा मिसळून फिका केला आहे, नाकात शिसे आहे, उजवीकडच्या चाकाच्या दाराचा आतला भाग फोटो न मिळाल्याने डावीकडच्यावरून अंदाजाने केला आहे, असे सगळे स्वच्छ लिहावे. मारुतच्या चिठ्ठीत टांक आणि दास यांची नावे यावीत, आणि ऑर्फियस १२ चा उल्लेख यावा, म्हणजे पुढे कोणी ते मॉडेल हातात घेऊन कमरेवरून बोट फिरवील तेव्हा तिथे लांबी भरायला सांगणार नाही.